फ्रेडी मर्क्युरी आणि क्वीनच्या सह्या जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झांझिबारमध्ये 5 सप्टेंबर 1946 रोजी जन्मलेला फारोख बुलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला, 1964 मध्ये आई-वडिलांबरोबर इंग्लंडला गेला आणि तिथे क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. त्यामुळे मराठी घरांत या गायकाच्या सहीबद्दल वेगळीच ओढ असते. त्याच ओढीचा फायदा घेऊन खोटा मालही भरपूर खपवला जातो. खाली सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच सवय आहे: सही नंतर बघा, आधी ती ज्यावर आहे ती वस्तू बघा. सही गिरवता येते. कागद, पुठ्ठा आणि तारीख यांना खोटं बोलायला लावणं बरंच अवघड असतं.

खरी सही कोणत्या काळातली असू शकते?

क्वीन 1970 मध्ये उभी राहिली आणि ‘मर्क्युरी’ हे आडनावही त्याच सुमाराचं. पहिला अल्बम जुलै 1973 मध्ये आला. फ्रेडीचा क्वीनबरोबरचा शेवटचा कार्यक्रम 9 ऑगस्ट 1986 रोजी नेबवर्थला झाला आणि 24 नोव्हेंबर 1991 रोजी लंडनमधल्या राहत्या घरी फ्रेडीचं निधन झालं. म्हणजे ‘फ्रेडी मर्क्युरी’ ही सही 1970 च्या आधीच्या तारखेखाली दिसली, तर ती वस्तू तिथेच सोडा.

सह्या या सगळ्या काळात सारख्या पसरलेल्या नाहीत. 1974 ते 1986 या दौऱ्यांच्या वर्षांत हॉटेलं, नाट्यगृहांचे मागचे दरवाजे, विमानतळ, स्टुडिओ अशा ठिकाणी चाहत्यांना सह्या मिळत. 1986 नंतर दौरे थांबले आणि सह्याही आटल्या. 1989 चा ‘द मिरॅकल’ किंवा फेब्रुवारी 1991 चा ‘इन्युएंडो’ सहीसकट समोर आला, तर तो कोणी, कुठे आणि कधी घेतला याचा धागा मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘ग्रेटेस्ट हिट्स 2’ निघाला 28 ऑक्टोबर 1991 रोजी, म्हणजे मृत्यूच्या चार आठवडे आधी, आणि तेव्हा फ्रेडी फार आजारी होता. त्यावरच्या सहीवर विश्वास ठेवायला काही आधार नाही. 1995 च्या ‘मेड इन हेवन’वरच्या सहीचा तर प्रश्नच येत नाही, तरी अशा प्रती विकायला येतात.

सही केलेली एलपी विकत घ्यायची आहे. आधी काय तपासू?

ती प्रत नेमकी कधीची आहे ते ठरवा. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि बरेचसे खोटे तुकडे इथेच गळतात.

कव्हरची मागची बाजू आणि कणा वाचा. ब्रिटिश मूळ प्रतींवर ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा क्रमांक असतो: पहिल्या अल्बमला ईएमसी 3006, ‘क्वीन 2’ला ईएमए 767, ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ला ईएमटीसी 103, ‘अ डे अॅट द रेसेस’ला ईएमटीसी 104, ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ला ईएमए 784, ‘जॅझ’ला ईएमए 788. अमेरिकेत सुरुवातीचे अल्बम इलेक्ट्राने काढले. हॉलीवूड रेकॉर्ड्सचं बोधचिन्ह असलेल्या अमेरिकी प्रती 1990 च्या कराराच्या नंतरच्या. त्या चिन्हाच्या कव्हरवर ‘1977 च्या दौऱ्यात घेतलेली सही’ असूच शकत नाही.

मग बारकोड. 1975 च्या मूळ कव्हरवर तो नसतो. तो दिसला तर प्रत नंतरची आहे. तेवढ्याने ती खोटी ठरत नाही, कारण 1985 मध्ये कोणी नवी छपाई घेऊन सही मागितली असेल. पण विकणारा सांगतो ती गोष्ट तिथे मोडते आणि ती मोडली की सहीवरचा विश्वासही राहत नाही.

त्यानंतर तबकडी बाहेर काढा. गाणी संपल्यावर मधल्या लेबलभोवती जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तिरप्या उजेडात वाचा. तो कव्हरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. न जुळणारी तबकडी म्हणजे रिकामं जुनं कव्हर कुठून तरी आणून जोडी लावली असण्याची शक्यता.

शेवटी झीज. पन्नास वर्षं फडताळात उभ्या राहिलेल्या एलपीच्या कव्हरवर आतल्या तबकडीची गोल कडा उमटते. सही त्या कड्यावरून जात असेल तर भिंगाने बघा. आधी सही आणि मग झीज असेल, तर शाईसुद्धा त्या रेषेत घासली गेलेली असते. झिजलेल्या, पांढऱ्या पडलेल्या पुठ्ठ्यात शाई फुटून तंतूंमध्ये पसरली असेल, तर झीज आधीची आणि सही अलीकडची. हा एक तपशील नीट बघायला शिकलात तर बरेच पैसे वाचतील.

शाई आणि पेनावरून काय कळतं?

बॉलपेन, साधं फेल्ट पेन आणि परमनंट मार्कर ही त्या काळाची साधनं. काळ्या फेल्ट पेनची शाई उजेडाने तपकिरी किंवा जांभळट पडते. पन्नास वर्षं भिंतीवर होती असं सांगितलेली सही कुळकुळीत काळी असेल, तर शंका घ्या.

‘क्वीन 2’चं उदाहरण घ्या. त्याचं पुढचं कव्हर जवळजवळ पूर्ण काळं आहे. बॉलपेन किंवा काळं फेल्ट पेन त्यावर दिसतच नाही, म्हणून त्या काळात सही बहुधा कव्हर उघडून आतल्या पांढऱ्या छायाचित्रावर घेतली जाई. पुढच्या काळ्या भागावर झगझगीत चंदेरी पेंट-मार्करची सही असेल आणि ती 1974 ची म्हणून सांगितली जात असेल, तर ती आमच्या मते सरळ बाद.

छापील सही किंवा शिक्का कसा ओळखायचा?

दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक टॉर्च पुरे.

छापील सहीत भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, किंवा रंग सपाट आणि सगळीकडे सारखा असतो. खऱ्या पेनाच्या रेषेत जिथे हात रेंगाळला तिथे शाई साचते, जिथे वेग घेतला तिथे ती विरळ होते आणि दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे गडद होते. बॉलपेनच्या वळणावर शाईचे बारीक गोळे राहतात. टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरला तर बॉलपेनची खाच सावलीसकट दिसते, मागून बोट फिरवलं तर उठावही लागतो. रबरी शिक्क्याची शाई कडेला जाड आणि मध्ये फिकी असते.

चाहत्यांना टपालाने जाणाऱ्या फोटोंवर आणि कार्यक्रमाच्या पुस्तिकांत छापील सह्या सर्रास असत. त्या विकणाऱ्या प्रत्येकाला लबाड म्हणता येणार नाही. अनेकांना आपली ‘सही’ छापील आहे हे खरोखरच माहीत नसतं.

फोटोची मागची बाजूही बघा. कागदावर ‘फुजीकलर क्रिस्टल आर्काइव्ह’ असं छापलेलं असेल, तर तो कागदच फ्रेडीच्या मृत्यूनंतर, 1990 च्या दशकात बाजारात आला, म्हणजे सही खोटी. पुढच्या बाजूला इंकजेटचे ठिपके दिसले तरी निकाल तोच.

मग फ्रेडीची सही ओळखायची खूण कोणती?

एकच खूण सांगणारा माणूस तुमची दिशाभूल करतो. सही वर्षागणिक बदलत गेली. घाईत केलेली वेगळी, टेबलावर बसून केलेली वेगळी. 1975 ची सही 1985 च्या नमुन्याशी ताडून काहीच सिद्ध होत नाही. त्याच वर्षाच्या, शक्यतो त्याच दौऱ्यातल्या, माग पक्का असलेल्या किमान आठ-दहा सह्या शेजारी ठेवा आणि तीन गोष्टी बघा: अक्षरांचा परस्परांशी आकार, पेन कुठे उचललं गेलं आणि ओघ. ओघ सगळ्यात महत्त्वाचा. चित्र काढावं तशी सावकाश ओढलेली सही भिंगाखाली थरथरते, तिची शेवटची टोकं बोथट असतात. खऱ्या सहीत पेन चालू असतानाच उचललं जातं, म्हणून शेपटी निमुळती होत संपते.

चौघांच्या सह्या एकाच कव्हरवर आहेत. हे जास्त सुरक्षित नाही का?

उलट, इथे दुप्पट सावध राहा. क्वीनमधल्या बाकी तिघांपैकी ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी पुढेही दशकानुदशकं सह्या दिल्या आहेत. तिसरा, जॉन डीकन, 1997 नंतर संगीतातून बाहेर पडला आणि त्याची सही मिळणं दुर्मिळ झालं. त्यामुळे एक ठरलेली युक्ती चालते: ब्रायन आणि रॉजरची खरी, अलीकडची सही असलेलं जुनं कव्हर घ्यायचं आणि त्यात फ्रेडी आणि जॉन भरायचे. दोन सह्या अस्सल निघाल्या की घेणारा निर्धास्त होतो.

चारही सह्यांची शाई, झीज आणि फिकेपणा ताडून बघा. एकाच ठिकाणी, एकाच पेनाने घेतल्या असतील तर चारही सारख्याच जुन्या दिसल्या पाहिजेत. ब्रायन आणि रॉजरच्या सह्या 1970 च्या वळणाच्या आहेत की पुढच्या काळातल्या, हेही बघा. जागाही बोलते. चौघे एकामागून एक सही करतात तेव्हा ते एकमेकांना जागा सोडतात. फ्रेडीची सही उरलेल्या फटीत कोंबलेली दिसली, तर ती शेवटी आली आहे.

‘मुंबईच्या कार्यक्रमात घेतलेली सही’ खरी असेल का?

नाही. फ्रेडी असताना क्वीनने भारतात एकही कार्यक्रम केला नाही.

पाचगणीच्या शाळेच्या काळातलं काही मिळू शकतं का?

शक्य आहे, पण ते वेगळ्याच जातीचं असेल. तो तिथे 1950 च्या दशकाच्या मध्यापासून 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होता आणि शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद चालवायचा. त्या काळातल्या वहीवर, पुस्तकावर किंवा फोटोमागे नाव असेल तर ते बुलसारा असेल. ते मुलाचं अक्षर असेल आणि शाई बहुधा दौतीची. पाचगणीच्या जुन्या बंगल्यात सापडलेल्या पुस्तकावर झोकदार ‘फ्रेडी मर्क्युरी’ दिसलं, तर जागा आणि नाव एकमेकांना खोटं पाडतात.

अशा वस्तूंची खरी किंमत मागोव्यात आहे: कोणत्या वर्गमित्राच्या किंवा शिक्षकाच्या घरातून आली, त्या घराचा शाळेशी संबंध कशावरून दिसतो, सोबत त्याच वर्षांची दुसरी कागदपत्रं आहेत का. एखाद्या घरात असं काही सुटं सापडलं तर ते पुसू नका, चिकटवू नका, एकमेकांपासून वेगळं करू नका. गठ्ठा होता तसाच, त्याच क्रमाने ठेवून फोटो काढा. गठ्ठा फोडला की पुरावाही फुटतो.

जपानहून आलेला चौकोनी पुठ्ठा खरा असतो का?

त्याला शिकिशी म्हणतात. साधारण 24 बाय 27 सेंटिमीटरचा, पुढे पांढरा, कडेला सोनेरी किनार. जपानमध्ये मान्यवरांची सही घ्यायची ती पद्धतच आहे. क्वीनचे जपान दौरे 1975, 1976, 1979, 1981, 1982 आणि 1985 या वर्षांत झाले आणि तिथल्या चाहत्यांनी या पुठ्ठ्यांवर सह्या जपून ठेवल्या. चांगल्या, मोकळ्या सह्या अनेकदा इथेच सापडतात. कोरे जुने शिकिशीही सहज मिळतात हे मात्र विसरू नका. सोबत त्या दौऱ्याची पुस्तिका, तिकिटाचा तुकडा किंवा सही घेतानाचा फोटो असेल तर वजन वाढतं.

सही केलेली गिटार किंवा माइक?

घेऊ नका. गिटारच्या पिकगार्डवर सह्या घेऊन विकण्याचा धंदा प्रामुख्याने फ्रेडीच्या मृत्यूनंतर फोफावला.

प्रमाणपत्र आहे म्हणतात. पुरेसं आहे का?

प्रमाणपत्र कोणीही छापू शकतं, त्यामुळे मागे उभं कोण आहे ते बघा. अमेरिकेतल्या पीएसए, जेएसए आणि बेकेट या सह्या तपासणाऱ्या संस्था प्रमाणपत्राला क्रमांक देतात. तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून फोटो आणि वर्णन जुळतं का ते पाहा, कारण स्टिकरसुद्धा बनावट असतात. त्यांचं मतही मतच आहे, पण निदान तपासता येतं. ब्रिटनमध्ये विक्रेता आफ्टाल या व्यापारी संघटनेचा सभासद आहे का ते विचारा आणि सभासदांच्या यादीत स्वतः खात्री करा.

विक्रेत्याकडून लेखी घ्या: सही खोटी ठरली तर पूर्ण पैसे परत, मुदतीशिवाय. ‘आमच्या मते अस्सल’ एवढंच लिहून देणारा उद्या जबाबदारी घेणार नाही. पैसे क्रेडिट कार्डाने किंवा पेपलच्या खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या पर्यायाने द्या. पेपलवर तक्रारीला 180 दिवस असतात. ‘मित्र आणि कुटुंब’ हा पर्याय निवडायला सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

2023 च्या सदबीजच्या लिलावातली वस्तू विकायला आली आहे. त्यात काय बघू?

फ्रेडीने आपलं घर आणि त्यातलं जवळजवळ सगळं आपली जवळची मैत्रीण मेरी ऑस्टिन हिच्या हवाली केलं होतं. तिने घरातल्या वस्तू सप्टेंबर 2023 मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहामार्फत विकल्या. 1,400 हून अधिक लॉट, म्हणजे क्रमांक देऊन विकलेले नग, होते आणि एकूण विक्री जवळपास 4 कोटी पौंडांची झाली. यामाहाचा पियानो 17 लाख पौंडांच्या वर गेला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चं हस्तलिखित सुमारे 13 लाख 80 हजारांना गेलं. ही पंधरा पानं ब्रिटिश मिडलंड एअरवेजच्या छापील कागदांवर लिहिलेली, आणि गाण्याचं आधी लिहिलेलं नाव होतं ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’. मिशा विंचरायच्या टिफनीच्या छोट्या चांदीच्या कंगव्याचा अंदाज 400 ते 600 पौंडांचा होता. तो दीड लाखाच्या पुढे गेला.

या कंगव्यात सगळं आलं. किंमत चांदीची नव्हती, माग पक्का असण्याची होती. म्हणून अशी वस्तू घेताना लॉट क्रमांक, सदबीजचं मूळ बिल आणि कॅटलॉगमधला फोटो या तिन्ही गोष्टी जुळवा. लाकडाच्या रेषा, ओरखडे, कागदाच्या घड्या फोटोशी एकेक करून पडताळा. बिल नुसतं दाखवून चालणार नाही, ते वस्तूबरोबर तुमच्याकडे आलं पाहिजे. आणि लक्षात घ्या, यातल्या बहुतेक वस्तूंवर सही नाही. पुढे कोणी ‘किंमत वाढावी’ म्हणून सही घातली असेल तर ती वस्तू नासली.

ब्रिटनमधल्या लिलावात बोली लावली तर शेवटी किती पैसे जातात?

हातोडा 1,200 पौंडांवर पडला असं धरा. खरेदीदाराचा अधिभार 25 टक्के म्हणजे 300. त्या अधिभारावर 20 टक्के व्हॅट, 60. ऑनलाइन मंचावरून बोली लावली आणि मंचाचं शुल्क 5 टक्के असलं तर 60, त्यावर व्हॅट 12. झाले 1,632. विम्यासकट कुरिअरचे 70 धरले तर 1,702. म्हणजे बोलीच्या वर चाळीस टक्क्यांहून जास्त, आणि यात भारतातलं सीमाशुल्क अजून आलेलंच नाही. अधिभाराचे दर घरागणिक वेगळे असतात, म्हणून अटी आधी वाचा आणि बोलीची मर्यादा कागदावर उलट्या दिशेने मोजून ठरवा.

शंभर पौंडांत फ्रेडीची खरी सही मिळत नाही. तशी जाहिरात दिसली तर पुढे वाचायचीही गरज नाही.

भारतात मागवताना कुठे अडतं?

बहुतेक वेळा केवायसी आणि बिलावर. कुरिअर कंपनी आधार किंवा पॅन मागते. ते वेळेत दिलं नाही तर पार्सल गोदामात पडून राहतं आणि भाडं चढतं. बिलावर ‘1970 च्या दशकातली एलपी, कव्हरवर हस्ताक्षरातील सही, संग्राह्य वस्तू’ असं स्पष्ट वर्णन, पूर्ण किंमत आणि पैसे दिल्याचा पुरावा असू द्या. शुल्क वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं.

‘भेट’ म्हणून पाठवायला सांगू नका. 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची करमाफी डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. किंमत कमी दाखवली तर माल अडकू शकतो, आणि वाटेत हरवला तर विमाही तेवढीच रक्कम देतो.

पॅकिंग विक्रेत्याला लिहून कळवा: तबकडी कव्हरच्या बाहेर, वेगळ्या पाकिटात, नाहीतर ती वाटेत कव्हरची शिवण फाडते. कव्हर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत. दोन्ही बाजूंना 35 सेंटिमीटरचे नालीदार पुठ्ठे, एकाच्या नाल्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. बाहेरून पाणी न शिरणारं आवरण, विशेषतः जून ते सप्टेंबर.

भिंतीवर लावायचं आहे. फ्रेम कशी करून घेऊ?

फ्रेमवाल्याला चार गोष्टी ठणकावून सांगा. डिंक, सेलोटेप, ड्राय माउंट आणि लॅमिनेशन नको. कोपऱ्यांना आम्लमुक्त कागदाचे खिसे करून त्यात वस्तू बसवायची. सही आणि काच यांच्यात माउंट-बोर्डाचं अंतर हवं, कारण दमट हवेत मार्करची शाई काचेला चिकटते आणि फ्रेम उघडताना सोलून निघते. काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं अॅक्रिलिक घ्या.

तरीही समोर खिडकी असलेली भिंत टाळा. अतिनील किरण अडले तरी साधा उजेड फेल्ट पेनची शाई खातोच. मूळ वस्तू पेटीत ठेवून भिंतीवर तिची चांगली छापील प्रत लावणं हाच आमच्या मते सगळ्यात शहाणा मार्ग.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात काय करायचं?

घट्ट झाकणाची पेटी, आत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. वीस लिटरच्या पेटीला 100 ते 150 ग्रॅम जेल पुरतं. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण 110 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. उघड्या कपाटात जेल ठेवून काही होत नाही. ते सगळ्या खोलीची हवा ओढत बसतं.

पीव्हीसीच्या मऊ पिशव्या काढून टाका, त्यांचा तेलकटपणा शाईला उतरतो. पेटीत डांबराच्या गोळ्याही नकोत. कसर लागू नये म्हणून पेटी जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. बुरशीचे ठिपके दिसलेच तर ओलं फडकं फिरवू नका. वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करा, कोरड्या हवेत वाळू द्या, मग नाकाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने सहीपासून लांब झाडा. ठिपके शाईवरच असतील तर कागद-संवर्धकाकडे न्या.

सही फिकी होत चालली आहे. त्याच वळणावरून हलक्या हाताने गडद करू का?

अजिबात नको. वरून एक रेघ जरी ओढली तरी भिंगाखाली दोन शाया दिसतात आणि खरी सही त्या क्षणी शंकास्पद होते. आज आहे तशी, पट्टी शेजारी ठेवून, सारख्या उजेडात तिचा फोटो काढा, तारीख लिहा आणि ती अंधारात ठेवा.